फोडणीला सडका वास का येतो?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच तक्रारीची आहेत: घाण वास. कुणाला तो जेवणाला येतो, कुणाला समोर काहीच नसताना येतो, कुणाला आपल्याच अंगाला येतो असं वाटतं. एका घरात तर तो सगळ्यांना येतो, फक्त जिच्या नाकातून येतो तिला येत नाही. तक्रार एक दिसली तरी ही दुखणी वेगवेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून एवढ्याच पत्रांना उत्तरं देते.

मिरजेत कान-नाक-घशाचा दवाखाना चालवताना असा रुग्ण समोर बसला की मी आधी तीन गोष्टी विचारते. वास कशाचा तरी येतो, की काहीच नसताना येतो? एका नाकपुडीत येतो की दोन्हींत? घरातल्या इतरांना तो येतो का? निम्मं निदान इथेच हाताला लागतं. यापुढे पत्र लिहिताना एवढं जरूर लिहा.

“डॉक्टर मॅडम, जुलैमध्ये मला ताप आणि सर्दी झाली. आठ-दहा दिवस वासच गेला होता. तो परत आला तेव्हा हायसं वाटलं. पण गणपती झाल्यावर सगळंच बिघडलं. फोडणीत कांदा पडला की गटार उपसल्यासारखा वास येतो. कॉफी, अंडं, भाजलेले शेंगदाणे, टूथपेस्ट, सगळ्याला तोच एक वास. सासूबाई म्हणतात, हे नखरे आहेत. ह्यांना वाटलं दिवस गेलेत, तर तेही नाही, तपासून झालं. दहीभातावर दिवस काढतेय. वजन सात किलो उतरलं. मला वेड तर लागत नाहीये ना?”
— वाचक, वय ३४, तासगाव

ताई, तुम्हाला वेड लागलेलं नाही आणि हे नखरेही नाहीत. आधी विषाणूची सर्दी, मग वास जाणं, तो परत येणं आणि दोन-अडीच महिन्यांनी त्याचं विद्रूप होणं, हा क्रमच तुमचं निदान सांगतो. याला पॅरॉस्मिया म्हणतात. समोर पदार्थ खरोखर असतो, त्याचा वासही येतो, पण भलताच येतो. कोविडच्या साथीनंतर हे नाव जगभर पोचलं. त्याआधीही फ्लूनंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर असे रुग्ण यायचे, पण संख्येने थोडे असल्यामुळे त्यांचं फारसं कुणी ऐकून घेत नसे.

नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर, काही चौरस सेंटिमीटरचा एक पातळ पडदा असतो. त्यात गंध ओळखणाऱ्या लक्षावधी मज्जापेशी असतात. माणसात या पेशींवरच्या गंधग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघांनी १९९१ साली उजेडात आणली आणि २००४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. कॉफीचा वास म्हणजे काही एकच रेणू नसतो. शेकडो रेणू एकदम नाकात शिरतात, वेगवेगळे ग्राहक कमी-जास्त जागे होतात आणि त्या सगळ्या मेळावरून मेंदू म्हणतो, ही कॉफी.

सर्दीच्या काही विषाणूंनी या पडद्याची नासधूस होते. कोरोनाच्या विषाणूला पेशीत शिरायला जी एसीई-२ नावाची प्रथिनं लागतात, ती मज्जापेशींवर नसून त्यांना पोसणाऱ्या शेजारच्या आधारपेशींवर असतात. आधारपेशी गेल्या की मज्जापेशीही खचतात. तुम्हाला जुलैत कोविडच झाला होता की दुसरा कुठला विषाणू, हे आता सांगता येणार नाही आणि त्याने उपचारात फरकही पडत नाही. दिलासा असा की शरीरात ज्या थोड्या मज्जापेशी जन्मभर नव्याने तयार होतात, त्यांत या आहेत. पण नव्या पेशीचा तंतू कवटीच्या भोकाभोकांच्या हाडातून वर जाऊन मेंदूतल्या गंधकंदात नेमक्या ठिकाणी जोडला जावा लागतो. बिल्डिंगचं रंगकाम झाल्यावर बेलच्या वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या तर दुसऱ्या मजल्याचं बटण दाबल्यावर चौथ्या मजल्यावर घंटी वाजते. तसं काहीसं तुमच्या नाकात चाललं आहे. काही तंतू चुकीच्या जागी गेलेत, काही अजून पोचलेलेच नाहीत, आणि मेंदूला अर्धामुर्धा, विस्कटलेला निरोप मिळतो. पॅरॉस्मियाचं आज सर्वांत पटणारं स्पष्टीकरण हेच आहे.

मग नेमके कांदा, कॉफी, अंडं आणि दाणेच का? इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात याचा फार सुंदर अभ्यास झाला. कॉफीच्या वासातले रेणू यंत्राने सुटे केले आणि कोविडनंतर पॅरॉस्मिया झालेल्या २९ जणांना एकेक करून हुंगायला दिले. २०२२ साली निष्कर्ष छापून आले. बहुतेक रेणूंचा त्यांना काही त्रास नव्हता, पण १५ रेणू असे निघाले की ते नाकात गेले की किळस यायची. त्यांतला एक, गंधकयुक्त आणि कॉफी भाजताना तयार होणारा, २९ पैकी २० जणांनी बोट ठेवून दाखवला. निरोगी माणसाला तोच रेणू खरपूस, कॉफीसारखा वाटतो. हे रेणू हवेत नावापुरते असले तरी आपल्या नाकाला कळतात, आणि ते मुख्यतः दोन जातींचे: गंधकयुक्त, आणि पदार्थ भाजल्या-तळल्यावर निर्माण होणारे.

आता आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. कांदा, लसूण, हिंग, अंडं, सगळ्यांत गंधकाची संयुगं. सुकं खोबरं भाजणं, दाणे भाजणं, गोडा मसाला परतणं, बोंबील तव्यावर टाकणं, ही भाजण्याची कामं. आपल्याकडे ज्याला चांगला स्वयंपाक म्हणतात त्याची सुरुवातच तुम्हाला न सोसणाऱ्या रेणूंनी होते. म्हणूनच दहीभात तुम्हाला चालतो. तो भाजलेला नाही, त्यात कांदा-लसूण नाही, आणि तो गार आहे. गार पदार्थातून रेणू कमी उडतात.

याच धाग्याने पुढे जा. फोडणीचा तडका न देता वरण, त्यावर तूप सोसत असेल तर तूप. ताक, दही, पनीर, भिजवलेल्या मुगाची कोशिंबीर, काकडी, केळं, पपई, उकडलेला बटाटा मीठ-लिंबू लावून, साबुदाण्याची किंवा नाचणीची गार पेज. प्रथिनं कमी पडू देऊ नका, सात किलो ही थोडी घट नाही. आंबट, खारट आणि गोड या चवी जिभेवर कळतात, त्यांना नाक लागत नाही, म्हणून लिंबू, कोकम, आमसूल यांचा हात सढळ ठेवा. जेवण कोमट किंवा गार झाल्यावरच ताटावर बसा. पेस्ट पुदिन्याची सोसत नसेल तर लहान मुलांची फळांच्या स्वादाची आणून बघा.

घरच्यांसाठी दोन ओळी लिहिते, हे पान त्यांच्यासमोर ठेवा. सासूबाई, तुमच्या सुनेला तुमच्या हातच्या आमटीचा कंटाळा आलेला नाही. तिला त्या आमटीच्या जागी जे जाणवतं ते तुमच्या नाकात गेलं असतं तर तुम्हीही ताटावरून उठला असतात. फोडणी टाकताना तिला आतल्या खोलीत बसू द्या, खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट लावा. जमलं तर काही महिने कांदा-लसणाचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. यजमानांनाही माझं हेच सांगणं आहे, आणि एक जास्त: पॅरॉस्मियात कधी कधी जोडीदाराच्या अंगाचा, घामाचा वासही असह्य होतो. ताईंनी ते लिहिलेलं नाही, पण अनेक जणी लिहीत नाहीत. तसं झालं तर मनाला लावून घेऊ नका.

उपचारांत सर्वांत भरवशाचा आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वासाचा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधल्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ साली तो मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. चारही गोष्टी तासगावच्या बाजारात मिळतात. रुंद तोंडाच्या चार बाटल्या घ्या. एकीत कुटलेल्या लवंगा, एकीत लिंबाची ताजी किसलेली साल, एकीत कापसावर दोन थेंब निलगिरी तेल, एकीत गुलाबाचं अत्तर (गुलाबपाणी फार फिकं पडतं). एक बाटली नाकाखाली धरून दहा-पंधरा सेकंद हलकेच हुंगायची, खस्सकन ओढायचं नाही. हुंगताना मन तिथेच ठेवा: लवंग हुंगताना लवंगच आठवा, दाढ दुखल्यावर आजीने धरायला दिलेली. मग थोडं थांबून दुसरी. चारांतला एखादा वासच घाण वाटत असेल तर तो काढून वेलची किंवा संत्र्याची साल घ्या, स्वतःला शिक्षा करू नका. पहिले काही आठवडे काहीच घडत नाहीसं वाटेल. किमान तीन महिने करायचंच, आणि त्यानंतर चारही वास बदलून पुन्हा तीन महिने.

काय करू नये, तेही सांगते. नाक मोकळं करणारे थेंब महिनोन्महिने घालू नका, त्यांनी नाक उलट जास्त चोंदतं. तपकीर, मिशरी बंद. कापूर-ओव्याची पुरचुंडी किंवा बाम हुंगून ‘मला वास येतो’ असा निष्कर्ष काढू नका. कापराचा, बामाचा गारवा आणि झोंबणं दुसऱ्याच मज्जातंतूवर कळतं, चेहऱ्याच्या संवेदनेच्या. ज्याचा वास पूर्ण गेलाय त्यालाही बाम झोंबतो. मिठाच्या पाण्याने नाक धुवायला माझी हरकत नाही, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नाही. बाजारात यासाठी विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्या आणि इंजेक्शनं यांच्यामागे अजून पक्का पुरावा उभा राहिलेला नाही. त्यात पैसे घालण्याआधी एकदा दुर्बिणीने नाक तपासून घ्या. आत सूज, मस्से किंवा सायनसचा पू निघाला तर त्याचे उपचार वेगळे आणि चांगले आहेत.

किती दिवस चालेल? काही महिने, क्वचित वर्ष-दोन वर्षं. एका सकाळी उठून सगळं ठीक झालं, असं सहसा होत नाही. आधी वासाची तीव्रता उतरते, मग एखादा पदार्थ ‘घाण’वरून ‘विचित्र’वर येतो, मग ‘ठीक’वर. विषाणूनंतर वास गेलेल्यांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांना सुरुवातीला पॅरॉस्मिया होता त्यांचा वास सुधारण्याची शक्यता जास्त दिसली होती. घाण का होईना, वास येतो आहे याचा अर्थ तंतू वाढताहेत. दोन आठवड्यांत आणखी वजन उतरलं किंवा रडू येणं, झोप न लागणं असं सुरू झालं, तर मात्र थांबू नका. फॅमिली डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना मनाचंही सांगा.

“मला अधूनमधून जळक्या रबराचा वास येतो. घरात कुणालाच येत नाही. वायरिंग तपासून घेतलं, गाडीचे टायर पाहिले. वास पाव-अर्धा मिनिट टिकतो आणि जातो. त्याआधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं. बायको म्हणते, तेव्हा मी एकटक बघतो आणि चाटल्यासारखे ओठ हलवतो. मला ते आठवत नाही. सायनस असेल का?”
— निवृत्त शिक्षक, वय ६१, अहिल्यानगर

सर, सायनस नाही वाटत. हे पत्र वाचल्यावर उत्तर छापून येईपर्यंत थांबू नये म्हणून संपादकांमार्फत तुम्हाला आधीच कळवलं आहे. इथे लिहिते ते इतरांसाठी.

समोर काहीच नसताना वास येणं याला फँटॉस्मिया म्हणतात. तो तासन्‌तास रेंगाळत असेल, एकाच नाकपुडीत असेल आणि ती नाकपुडी चिमटीत धरल्यावर थांबत असेल, तर मूळ बहुधा नाकात असतं आणि घाबरण्याचं कारण कमी. तुमचं तसं नाही. अचानक, सेकंदांपुरता, प्रत्येक वेळी अगदी तोच वास, पोटातून वर चढणारी कळ, टक लावून बघणं, ओठ चाटणं आणि त्यातलं काही न आठवणं: ही मेंदूच्या कानाजवळच्या भागातून निघणाऱ्या फिटची लक्षणं आहेत. लंडनच्या जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच अशा वासाच्या फिट्सची वर्णनं करून ठेवली आहेत. फिट म्हटलं की हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस एवढंच आपल्याला माहीत असतं. ही फिट शांत असते, शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

साठीनंतर अशी फिट पहिल्यांदा सुरू झाली तर तिचं कारण शोधावंच लागतं. प्रख्यात अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांना शेवटच्या काही महिन्यांत जळक्या रबराचा वास यायचा. ताणामुळे होतंय, असंच बराच काळ समजलं गेलं. १९३७ साली मेंदूतल्या गाठीने ते गेले, वय अवघं ३८. तेव्हा मेंदूच्या आत पाहायला एमआरआय नव्हता. आज तो जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. आणि एक लक्षात घ्या, अशा वासामागे प्रत्येक वेळी गाठच असते असं मुळीच नाही. जुना मार, लहानसा पक्षाघात, जन्मापासूनचा एखादा व्रण, कशानेही होतं, आणि बहुतेकांच्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात येतात. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) आणि एमआरआय करून घ्या. तोपर्यंत स्कूटर चालवू नका, विहिरीवर किंवा गच्चीच्या कठड्याजवळ एकटे जाऊ नका. वहिनींनी पुढच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तो जास्त सांगतो.

वहिनींसाठी आणखी एक. फिट आली की नाकाला कांदा किंवा चप्पल लावायची पद्धत आपल्याकडे अजून जात नाही. फिट तिच्या वेळेने थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवा, मान मोकळी करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ दवाखान्यात न्या.

अर्धशिशीच्या आधी काहींना असा खोटा वास येतो, कंपवाताच्या काही रुग्णांनाही येतो. काहींना कारण न सापडता येतो आणि आपोआप विरतो. पण हे सगळं तपासणीनंतर म्हणायचं, आधी नाही.

“माझा मुलगा चार वर्षांचा आहे. पंधरा दिवस त्याच्या उजव्या नाकपुडीतून पिवळा शेंबूड येतोय. जवळ घेतलं की कुजका वास येतो. दोनदा सर्दीचं औषध झालं. सासरे म्हणतात, जंत असतील.”
— वाचक, चिपळूण

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी अडकलं आहे असंच धरून चालायचं, जोवर डॉक्टर बघून ‘नाही’ म्हणत नाहीत. सर्दी दोन्ही बाजूंना होते. चिंचोका, शेंगदाणा, मणी, खोडरबराचा तुकडा, शाळेच्या बाकाच्या गादीतला फोम: मुलांच्या नाकांतून हे सगळं मी काढलेलं आहे. फोमला तर इतका वास सुटतो की मूल दवाखान्याच्या दारात आलं की कळतं.

आजच्या आज नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा. घरी पिन, चिमटा, कानकोरणं घालू नका, वस्तू आणखी आत जाते. पाणीही मारू नका. दाणा किंवा चिंचोका पाण्याने फुगतो आणि जागच्या जागी घट्ट बसतो. घरातल्या खेळण्याची, रिमोटची किंवा घड्याळाची गोल चपटी बॅटरी हरवली असेल तर रात्र असली तरी निघा. ती बॅटरी काही तासांत नाकाचा पडदा जाळते आणि कायमचं भोक पाडते. मुलाला रागावू नका. रागावलं की ती पुढच्या वेळी सांगत नाहीत.

“माझी धाकटी बहीण २४ वर्षांची आहे. तिच्या नाकातून हिरवट खपल्या पडतात आणि असह्य दुर्गंध येतो. तिला स्वतःला काहीच वास येत नाही, उलट नाक बंद वाटतं म्हणते. दोन स्थळं बघून गेली आणि काही न सांगता नकार आला. आई तिला पाहुण्यांसमोर येऊ देत नाही.”
— वाचक, सोलापूर जिल्हा

तुमच्या बहिणीला बहुधा पीनस आहे. आम्ही ॲट्रॉफिक ऱ्हायनायटिस म्हणतो. नाकाच्या आतलं अस्तर आणि हाडं झिजतात, पोकळी वाजवीपेक्षा रुंद होते, ओलावा राहत नाही, शेंबूड वाळून खपल्या धरतात आणि त्यांत जंतू वाढून दुर्गंध सुटतो. गंधाच्या पेशीही झिजतात, म्हणून तिला तो कळत नाही. हवेची झुळूक जाणवून देणाऱ्या नसाही गेलेल्या असतात, म्हणून नाक धडधडीत मोकळं असूनही बंद वाटतं. ती खोटं बोलत नाही आणि ती अस्वच्छही नाही.

पूर्वी हा आजार आपल्याकडे खूप दिसायचा, आता कमी झाला, पण गेलेला नाही. बायकांत जास्त. आईंना माझी कळकळीची विनंती आहे: मुलीला लपवू नका, दाखवा. डॉक्टर दुर्बिणीतून बघतील, दुसरी कारणं (क्षय, कुष्ठरोग, जुनी शस्त्रक्रिया) वगळतील. मग रोज दोन-तीन वेळा क्षारयुक्त कोमट पाण्याने नाक धुणं, खपल्या सैल करून काढणं, त्यानंतर ग्लिसरीनमध्ये ग्लुकोज घातलेले थेंब. हे नेमाने केलं तर दुर्गंध काही आठवड्यांत खूपच उतरतो. हा मधुमेहाच्या गोळ्यांसारखा रोजचा नेम आहे, बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. त्याने भागलं नाही तर नाकपुड्या काही काळ शिवून बंद ठेवण्याची शस्त्रक्रिया आहे. आत ओलावा टिकून अस्तराला सावरायला वेळ मिळतो. आणि तिच्याशी बोला. घरात सगळे तोंड फिरवतात आणि कारण कुणी सांगत नाही, हे तिने किती वर्षं सोसलं असेल.

“मी २७ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. माझ्या तोंडाला आणि घामाला घाण वास येतो. ऑफिसात मी आलो की कुणी नाकाला हात लावतं, कुणी खिडकी उघडतं. दातांचे डॉक्टर, त्वचेचे डॉक्टर, पोटाचे डॉक्टर झाले. सगळे म्हणतात वास नाही. आईही नाही म्हणते, पण ती आईच आहे. तीन वेळा अंघोळ करतो. लिफ्टने जात नाही. काय करू?”
— वाचक, पुणे

तुम्ही लिफ्ट सोडून जिने चढताय, हे वाचून फार वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मी आधी जसंच्या तसं धरते आणि विचारते: वास खरा असेल तर कुठून असेल? हिरड्यांचा आजार दंतवैद्यांनी पाहिला. टॉन्सिलच्या खळग्यांत पांढरे, भुसभुशीत कण साठतात आणि त्यांना भयंकर वास येतो. आरशात टॉर्च लावून बघा. वरच्या दाढेच्या मुळाचा पू गालातल्या सायनसमध्ये उतरला तर एका बाजूने घाण वास येतो, तो बहुतेक वेळा स्वतःलाही येतो. ट्रायमेथिलअमिन्युरिया नावाचा दुर्मीळ अनुवंशिक दोष असतो, एफएमओ-३ या जनुकाचा. त्यात घामाला, श्वासाला, लघवीला सडक्या मासळीचा वास येतो, अंडी, मासे, कलेजी, सोयाबीन खाल्ल्यावर वाढतो, आणि लघवीच्या तपासणीत तो सापडतो.

हे सगळं एकदा, एकाच डॉक्टरांकडून, नीट तपासून घ्या. आणि आधीच स्वतःशी ठरवा, यात काही निघालं नाही तर चौथ्या-पाचव्या डॉक्टरांकडे जायचं नाही. कारण मग दुसरी शक्यता जास्त आहे, आणि तीही तितकीच खरी व्याधी आहे. आपल्या अंगाला दुर्गंध येतो अशी खात्री बसणं, लोकांचं खिडकी उघडणं किंवा नाक खाजवणं आपल्यामुळेच आहे असं वाटणं, पुन्हा पुन्हा अंगाचा वास घेणं, धुणं, लोक टाळणं: प्राइस-फिलिप्स नावाच्या डॉक्टरांनी १९७१ साली हे चित्र सविस्तर मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली आहे, सक्तीच्या विचारांच्या आजारांशेजारी. मानसोपचार आणि मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्या, दोन्हींचा उपयोग होतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं म्हणजे ‘तुझं सगळं खोटं’ हे कबूल करणं नव्हे. तुमचा त्रास रोज सकाळी अंघोळीपासून सुरू होतो आणि तो कमी करता येतो, एवढ्यासाठी जायचं. आजच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतही, मोफत आहे. कधी जीव नकोसा वाटला तर वेळ न लावता त्या क्रमांकावर फोन करा आणि आईला उठवा.

“मी एकटी राहते, वय ७२. दोन वर्षांपासून वास नीट येत नाही. मागच्या महिन्यात गॅस सुरू राहिला होता, शेजारीण आली म्हणून कळलं.”
— वाचक, नाशिक

काकू, सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे गंधकयुक्त रसायन मुद्दाम मिसळतात. ज्यांना वास येत नाही त्यांना ती खूण मिळत नाही, आणि पहिल्या पत्रातल्या ताईंसारख्यांना ती ओळखू येईलच याची खात्री नसते. म्हणून गॅस गळतीचा अलार्म बसवून घ्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साठतो. अलार्म जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवर हवा. घरात पाइपचा गॅस असेल तर तो हलका, तेव्हा अलार्म छताजवळ. बसवणारा माणूस बऱ्याचदा हे न विचारताच ओट्याच्या उंचीवर खिळा ठोकतो, त्याला अडवा. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायची सवय ठेवा. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहून चिकटवा, दूध-भाजी हुंगून ठरवू नका. गळतीचा संशय आला तर दिव्याचं बटण दाबू नका, खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन लावा. आणि दोन वर्षं झाली म्हणता, तर एकदा नाक दाखवून घ्या. वयाने वास उतरतो हे खरं, पण तुमच्या बाबतीत वयच कारणीभूत आहे हे अजून कुणी तपासलेलं नाही.